रामटेकेकाकांची जड गोळी

काडतुसं भरायला बसण्याआधी रामटेकेकाका घरी फोन करायचे. पलीकडून वत्सलाकाकू "हं, बोला" म्हणाल्या की हे विचारणार, "सकाळचा राग गेला का नाही?" काकू बहुतेक वेळा म्हणायच्या, कसला राग, मले आठवतही नाही. मग फोन खिशात जायचा. पण एखाद्या दिवशी काकू जरा थांबून नुसतं "ठीक आहे" म्हणाल्या, की काका उघडलेला बारुदाचा डबा परत बंद करायचे, खोलीला कुलूप लावायचे आणि आम्हाला सांगायचे, "आज नाही होत. घरी जाऊन येतो." आम्ही सहा-सात जण शनिवारची सगळी कामं टाकून तिथे आलेलो. पण त्या माणसापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

आमचा नेमबाजीचा क्लब रायपूरच्या बाहेर, धमतरीच्या रस्त्याला आहे. क्लब म्हणजे काय, मातीचा एक मोठा बांध, पत्र्याची शेड, दोन खोल्या आणि एक कडुलिंब. काडतुसं स्वतः भरून घ्यायची रीतसर सरकारी परवानगी आमच्याकडे होती आणि कागदावर ते काम करणारा माणूस एकच, सुखदेव रामटेके, निवृत्त आर्मोरर. आर्मोरर म्हणजे पोलीस लायनीत हत्यारं सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा. तीसेक वर्षं त्यांनी तेच केलं. मूळ गाव भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत होते म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. सगळा क्लब त्यांना उस्तादजी म्हणायचा. काका म्हणणारी मी एकटी, कारण मराठी बोलणारी मी एकटी.

माझं सांगायचं तर मी रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, बँकेत नोकरीला. त्रेचाळिसाव्या वर्षी बंदूक हातात घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता एवढंच राहिलं होतं." मला राग लवकर येतो. वीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला येतोच. पण निशाण्यावर उभं राहिलं की तो कुठे जातो कळत नाही, म्हणून मी तिथेच रमले. पुढे क्लबची सेक्रेटरीही झाले, कारण कागदपत्रं करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्याच महिन्यात माझी आणि काकांची जुंपली. म्हणजे जुंपली असं मला वाटलं, ते तर काही बोललेच नाहीत. माझ्या घरी पाहुणे यायचे होते आणि यांचं आपलं एकेक खोखा उचलून बघणं चाललेलं. उडवलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी टरफल, त्याला पोलिसांत खोखा म्हणतात, तो शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. मी दारातून म्हटलं, "काका, जरा लवकर होईल का?" त्यांनी हातातलं खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी विचारलं, "काय झालं?"

"तुमची घाई मले लागली ताई. उतरू द्या तिले."

पाहुणे दारात ताटकळले त्या दिवशी. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या. पुढच्या शनिवारी मात्र गुपचूप बाकावर जाऊन बसले.

माणूस बारका, उंचीला माझ्याएवढा. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला, भर मे महिन्यातसुद्धा. कामाला बसताना घड्याळ काढून ठेवायचे. नखं इतकी बारीक कापलेली की मला बघूनच बोटं हुळहुळायची. कामाच्या टेबलावर एका बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला कडेला बोल्टनं आवळलेलं प्रेस नावाचं ते लोखंडी यंत्र, ज्याचा दांडा ओढला की गोळी खोख्यात बसते. मध्ये त्यांनी स्वतः भोकं पाडून केलेली लाकडी पाटी, एका वेळी पन्नास खोखे उभे राहतील अशी. आणि एक छोटी टॉर्च.

त्या टॉर्चचं काम समजून घ्यायला जड गोळीचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या क्लबात कार्बाइन चालायची. कार्बाइन म्हणजे आखूड बंदूक, पण काडतूस मात्र पिस्तुलाचंच. पिस्तुलाची हलकी गोळी त्या लांब नळीतून निघाली की वाजवीपेक्षा जास्त जोर धरते आणि आवाजाच्याही पुढे पळते. मग हवेत असा काही कडाका उडतो की कानात बोळे घालूनही डोकं झणझणतं. आमच्या बांधापलीकडे एका साहूंचा तबेला होता. सतरा म्हशी. साहू तक्रार घेऊन आले, म्हशी दूध चोरतात. दुसऱ्यांदा आले तेव्हा सोबत सरपंच होता. तिसऱ्यांदा आले असते तर क्लबला टाळं लागलं असतं, एवढं स्पष्ट होतं.

आम्ही सगळे भिंत बांधू, झाडं लावू, असं काय काय बोलत होतो. काका म्हणाले, "गोळी जड करतो. हळू जाईन. प्लेट पण चांगली पाडीन." लोखंडी प्लेट पाडायची ती आमची स्पर्धा. मग दोन महिने ते जड गोळी आणि अगदी थोडं बारूद, अशा जोडीच्या मागे लागले. थोडं भरायचं, पाच उडवायच्या, वहीत लिहायचं, पुन्हा भरायचं. शेवटी एका शनिवारी त्यांनी आम्हाला निशाण्यावर उभं केलं आणि स्वतः एक स्टूल उचलून तबेल्यात जाऊन बसले. म्हशींच्या मधोमध. तिकडून त्यांचा फोन, "मारा." आम्ही मारल्या. कडाका नाही. भरलेलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा नुसता ठप्प आवाज आणि प्लेट आडवी. पाऊण तासानं काका परत आले, शर्टाला शेण लागलेलं, चेहरा एकदम प्रसन्न. "एकीनंही कान नाही हलवला. साहूजीनं चहा पाजला." त्यानंतर साहू तक्रारीला आले नाहीत. दिवाळीत खवा पाठवायचे.

तर जड गोळीला बारूद अगदी कमी लागतं. खोख्याच्या तळाशी चिमूटभर. आणि तिथेच धोका असतो. चुकून एका खोख्यात दोनदा पडलं तरी ते ओसंडत नाही, वरून गोळी बसली की बाहेरून कुणाला काही कळत नाही. असं काडतूस उडवलं तर नळी फुटू शकते, हात जाऊ शकतो, डोळा जाऊ शकतो. म्हणून काका पन्नास खोखे पाटीत उभे करून बारूद टाकून झालं की टॉर्च घेऊन एकेकात डोकवायचे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तेवढा वेळ दाराला लाल रुमाल अडकवलेला असायचा. रुमाल असताना बोलायचं नाही. भूकंप झाला तरी नाही, असं ते म्हणायचे.

प्रत्येक डब्यात ते स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी घालायचे. तारीख आणि मापं असायचीच, पण खाली आणखी एक ओळ. "झोप बरी. जेवण मुनग्याची भाजी, भात. भांडण नाही. मन ठीक." मुनगा म्हणजे आपला शेवगा. आमच्यातले एक दाताचे डॉक्टर, डॉक्टर शुक्ला, चौबे कॉलोनीत राहायचे, त्यांची स्वतःची परवान्याची कार्बाइन होती. ते चिठ्ठी वाचून मोठमोठ्यानं हसायचे. "उस्तादजी, आप गोली भरते हैं कि डायरी लिखते हैं?"

काका त्यांना मराठीतच सांगायचे. डॉक्टरांना कळायचं सगळं. "साहेब, मशीन नाही भरत, माणूस भरते. काही झालं त कोन्या माणसानं भरलं होतं, ते लिहून पाह्यजे."

त्यांच्या मवाळ वागण्यावर कुणी जाऊ नये. एकदा एक बडे कंत्राटदार क्लबचे सभासद होऊन आले. त्यांना जड गोळी मिळमिळीत वाटली. म्हणाले, उस्तादजी, मेरे लिए कुछ तेज बनाओ, आवाज आनी चाहिए, चार लोगों को पता चलना चाहिए. काकांनी हव, म्हणजे हो, म्हटलं. आम्ही चाट पडलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी गोलबाजारातून आणलेला सुतळी बॉम्बचा पुडा सगळ्यांसमोर त्यांच्या हातात ठेवला. "घ्या साहेब. आवाज पण येते आन् परवाना पण नाही लागत." कंत्राटदार लालबुंद झाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. त्यांनी क्लबला पंखे देऊ केले होते, तेही गेले. मी काकांवर चिडले. तर म्हणाले, "पंखे नाही आले त घाम येईन. हात गेला त काय येईन?"

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दल आहे, आणि ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये कधीतरी, दुपारी, काका थर्मासमधून चहा ओतत होते. कप समोर होता आणि चहाची धार कपाच्या बाजूला, टेबलावर पडत होती. दोन घोट चहा सांडेपर्यंत त्यांना कळलं नाही. मग हाताला गरम लागलं तसा त्यांनी थर्मास सरळ केला, खिशातून रुमाल काढला आणि टेबल पुसलं. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

पण त्यानंतर मी बघायला लागले. खोख्यात डोकावताना ते आता मान तिरपी करायचे, कोंबडी दाणा बघते तशी. टॉर्च अगदी जवळ न्यायचे. पाटीवर बोट टेकवून कुठवर आलो ते चाचपायचे. माझ्या आईला मोतीबिंदू झाला होता तेव्हा ती तांदूळ निवडताना असंच करायची. म्हणजे मला कळायला काहीही बाकी नव्हतं.

सेक्रेटरी मी. खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे. एरवी पाण्याची टाकी भरली नाही तरी मी पंधरा माणसांना ऐकवते. आणि इथे मी गप्प बसले. का, तर दोन महिन्यांवर स्पर्धा होती आणि त्यांच्या गोळीशिवाय माझी प्लेट पडत नव्हती. हे एक. दुसरं म्हणजे त्या खोलीतून काकांना उठवायचं तर ते जाणार कुठे, हा विचार मला सोसवेना. निवृत्तीनंतर हा माणूस त्या टेबलावरच तर जगत होता. मी स्वतःला सांगितलं, इतकी काळजी घेणारा माणूस, त्याला स्वतःला कळेलच ना. आपण कशाला बोलायचं. मोठ्या माणसाचा अपमान कशाला. अशी चार चांगली कारणं मला झटकन सापडली.

मेच्या पहिल्या शनिवारी मी सरावाला उभी होते. काका माझ्या मागे पंधरा पावलांवर, शेडच्या खांबाला टेकून. अकरा गोळ्या गेल्या, अकरा प्लेटा पडल्या. मी खूश. बारावीला चाप ओढला आणि ठप्प असा आवाज आलाच नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा सुटावी तसं फुस्स झालं. प्लेट उभीच. मी जोरात होते, हात आपोआप पुढचं काडतूस नळीत चढवायला गेला.

"हात काढा!"

काकांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. माझा हात जागच्या जागी थिजला. ते धावत आले, त्या वयात धावत, कार्बाइन माझ्या हातातून घेतली, नळी बांधाकडे ठेवून ती रिकामी केली आणि आतून गज घातला. गज अर्ध्यावर अडला. गोळी नळीतच अडकून बसली होती. त्या काडतुसात बारूदच नव्हतं, खोख्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरानं गोळी मध्यापर्यंत सरकली होती. मी पुढची उडवली असती तर ती अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळली असती. पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. मी तिथे मातीतच बसले.

काका मला पाणी द्यायला आले नाहीत. ते कार्बाइन हातात घेऊन उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "एकात पडलं नाही. मंग ते कोणात पडलं?"

मला आधी समजलं नाही. त्यांनी सांगितलं. एक खोखा सुटला, म्हणजे हात चुकला. हात चुकला तर ते माप शेजारच्या खोख्यात दुसऱ्यांदा पडलं असू शकतं. त्या दिवशीच्या भरणीचे तीन डबे होते. एक माझ्यासमोर, एक कपाटात, आणि एक डॉक्टर शुक्ला घेऊन गेले होते.

"डॉक्टरसाहेबाले फोन लावा ताई. म्हणा, हात नका लावू. मी येऊन राहिलो."

फोन लावला, ते दवाखान्यात होते, डबा घरी आहे म्हणाले. तरी काकांना तसल्ली नाही. माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघं चौबे कॉलोनीत गेलो. रस्ताभर त्यांनी माझ्या सीटची कडा धरून ठेवली होती. डॉक्टर आमच्यासाठी घरी येऊन थांबले होते. त्यांनी बसा म्हटलं, सरबत मागवलं. काका दारातच उभे राहिले.

"साहेब, मी खराब भरली. डबा वापस द्या."

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, अरे उस्तादजी, इतने साल में एक बार, होता है, बैठिए तो. काका म्हणाले, "नाही होत साहेब. हे नाही होत." आणि डबा छातीशी धरून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. एकशे अडतीस काडतुसं उरली होती, ती सगळी एकेक उघडायची. त्याला प्लास्टिकची एक हातोडी असते, काडतूस तिच्यात अडकवून आपटलं की गोळी निघते. आधी डॉक्टरांचा डबा. सगळी बरोबर. मग कपाटातला. सगळी बरोबर. दुपारचे दोन वाजले. काकूंनी दिलेला जेवणाचा डबा तसाच पडलेला. मग माझा डबा घेतला, जिथे मी थांबले होते तिथून पुढे.

त्यांनी पहिलंच काडतूस हातोडीत घालून आपटलं, गोळी काढली आणि बारूद पांढऱ्या कागदावर ओतलं. मी पुढे वाकून बघितलं. सकाळपासून कागदावर पडत होती त्याच्या बरोबर दुप्पट ढिगुली. म्हणजे काल माझा हात ज्या काडतुसाकडे गेला होता तेच हे.

काका मान तिरपी करून कागदाकडे बघत होते. टॉर्च घेतली, ठेवली. बोटानं कागद जरासा सरकवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती हाय ताई?"

मी म्हटलं, "दोन मापं आहेत, काका."

"मले एकच वाटून राहिलं होतं."

असं म्हणून त्यांनी टॉर्च बंद केली. मला रडू फुटलं, त्यांना नाही. मी विचारलं, "कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?" हो, असंच विचारलं, जणू मला ते त्याच क्षणी कळत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "दिवाळीपासून कमी झालं. उजव्यात धुकं हाय. डाव्यानं भागत होतं." बस. उरलेली काडतुसं मी उघडली. ते बाजूला बसून राहिले.

पुढच्या मीटिंगला त्यांनी राजीनामा दिला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "प्रकृतीच्या कारणामुळे." त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि म्हणाले, "काटा ते. खोडून टाका." मी म्हटलं, काका, तसंच लिहितात. "लिहीत असतीन. तुमी असं लिहा. डोळ्यानं दिसत नव्हतं, आन् एका काडतुसात बारूद दोनदा पडलं, एकात पडलं नाही." सगळ्यांनी समजावलं. डॉक्टर शुक्ला तर हात जोडून म्हणाले. पण ते उठेनात. शेवटी मी तसं लिहिलं, त्यांनी खाली सही केली आणि किल्ली टेबलावर ठेवली. आता क्लबात दुकानातलीच काडतुसं चालतात. त्यांच्या हलक्या गोळीचा कडाका पुन्हा तबेल्यात गेला असता, म्हणून कार्बाइनचा सराव आम्ही बंद ठेवला.

ऑगस्टमध्ये कळलं की त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, छान झाली. मला इतका आनंद झाला की मी त्याच आठवड्यात परवानगीचा नवा फॉर्म भरला. फक्त त्यांची सही बाकी होती. वाटलं, झालं गेलं विसरून आता सगळं पहिल्यासारखं सुरू करू. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, आप पहले उनसे पूछ तो लो." ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात.

त्यांच्या घरी गेले तेव्हा बांधाबांध चालली होती. मुलगी भंडाऱ्याला असते, तिच्याकडे दोघंही कायमचे राहायला निघाले होते. काकूंनी बसायला एका पेटीवर चादर टाकून दिली. काका काळा चष्मा लावून बसले होते. मला बघितल्यावर तो काढला. मी फॉर्म दिला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा, आणि घडी घालून मला परत दिला.

"सही नाही करत, ताई."

"काका, दिसतंय ना आता? भंडाऱ्याहून महिन्यातून दोनदा आलात तरी पुरे. गाडीचं मी बघते."

"दिसते. भिंतीवरची मुंगी दिसते. पण मले दिसत नव्हतं, हे मले माहीत होतं ना. सहा महिने माहीत होतं, आन् मी भरून राहिलो होतो. चिठ्ठीत लिहून राहिलो होतो, मन ठीक. डॉक्टरनं डोळ्याचं ऑपरेशन केलं. याचं नाही केलं." त्यांनी छातीवर बोट टेकवलं.

काकू आत निघून गेल्या. मी फॉर्मशी चाळा करत बसले. मग मी बोलले. कसं बोलले माहीत नाही, पण म्हटलं, "मलाही माहीत होतं, काका. चहा सांडला ना, त्या दिवसापासून."

"हव. माहीत हाय मले."

"तुम्हाला माहीत होतं, मला माहीत आहे ते?"

"तुमी समोरच त होत्या. पाहून राहिल्या होत्या." ते शांतपणे बोलत होते, त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी घरी येऊन मी वत्सलाले सांगतलं, आता माहं काम सुटते. ताईनं पाहिलं. त्या कोनाले भीत नाही, त्या बोलतीन. दुसऱ्या शनिवारी मी किल्ली खिशातून काढून हातात ठेवली होती. तुमी आल्या, नमस्ते केलं, पन्नास गोळ्या मागतल्या आन् गेल्या. मंग मले वाटलं, चालते अजून."

मला त्या घरातून पळून जावंसं वाटत होतं आणि तिथून उठवतही नव्हतं. मी माफी मागितली असेन, मला नक्की आठवत नाही. काका म्हणाले, "तुमचा हात वाचला. बस झालं." मग काकूंनी पोहे आणले आणि ते आम्ही खाल्ले. भंडाऱ्याच्या घराबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल बोललो.

निघताना ते फाटकापर्यंत आले. बाहेर चांगलं ऊन होतं. काळा चष्मा त्यांच्या हातातच होता. मी हेल्मेट घालायला गेले तर म्हणाले, "थांबा जरा." आणि त्या नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, कपाळाकडे, कानाच्या बाजूला.

"ताई, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

मी म्हटलं, "याच वर्षी, काका."

त्यांनी मान हलवली, चष्मा लावला आणि फाटक ओढून घेतलं.